जयपूरला एकटीने जायचंय: हॉस्टेलची डॉर्म की हॉटेलची खोली?

रानजाई
डिसेंबरात जयपूरला एकटी जातेय. राहायचं कुठे यावरून घरात वाद चालू आहे, तो इथे मांडते. माझं मत पक्कं आहे, कुणाला खोडता आलं तर जरूर खोडा.

मत असं की, अनोळखी शहरात एकट्या बाईने स्वस्त हॉटेलातली बंद खोली घेण्यापेक्षा शहराच्या मध्यात असलेल्या हॉस्टेलात फक्त बायकांच्या डॉर्ममधला बिछाना घ्यावा. स्टेशनजवळच्या हॉटेलात काउंटरवरचा माणूस आधार कार्ड हातात घेतानाच विचारतो, "मॅडम, अकेली हैं?" रात्री दारावर टकटक होते, "पानी चाहिए?" त्या मजल्यावर आपल्या ओळखीचं कुणी नसतं आणि खोलीची दुसरी चावी कुणाकडे आहे ते कळत नाही. डॉर्ममध्ये सहा-आठ जणी असतात. कुणी परका आत आला तर सगळ्यांना दिसतो. संध्याकाळी कॉमन रूममध्ये बसलं की उद्या आमेरला कोण जातंय ते कळतं, रिक्षाचं भाडं वाटून जातं. बिछाना 500 ते 900 रुपयांच्या आसपास मिळतो. तेवढ्या पैशात मिळणाऱ्या खोल्यांच्या कड्याही धड लागत नाहीत.

आई म्हणते, परक्या बायकांत कसली झोप लागणार. बाबा म्हणतात, चांगलं हॉटेल घे, वरचे पैसे मी देतो. तुम्ही काय केलं असतं?

कातळकडा
मी बाबांच्या बाजूने. "बायका आहेत म्हणजे सुरक्षित" हे गृहीतच मला मान्य नाही. डॉर्मच्या दाराचं कार्ड किती जणांकडे असतं ते विचारून बघ. अनेक हॉस्टेलांत काउंटर वॉलंटिअर सांभाळतात: रोज काही तास काम, बदल्यात फुकट बिछाना आणि नाश्ता. महिन्या-दोन महिन्यांत पोरं बदलतात. त्यांची पोलीस पडताळणी होते का? हॉटेलातला माणूस निदान पगारी असतो, त्याला नोकरीची भीती असते.

आणि मुख्य मुद्दा. खोलीला आतून कडी घालता येते. डॉर्मला येत नाही, कारण रात्री दोन वाजता दुसरी कुणीतरी यायची असते. माझ्या दृष्टीने विषय इथेच संपतो.

पाऊलवाट
वॉलंटिअरचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि तो फोन करून विचारायचाच असतो: रात्री काउंटरवर कोण असतं, पगारी माणूस की वॉलंटिअर? बायकांच्या डॉर्मचं कार्ड त्याच्याकडे असतं का? गुळमुळीत उत्तर आलं तर तिथे जाऊ नये.

कडीचं मात्र पटत नाही. आतून कडी घातलेल्या खोलीत छुपा कॅमेरा असेल तर ती कडी काय करणार? भारतीय न्याय संहितेचं कलम 77 अशा चोरून पाहण्या-चित्रण करण्यासाठी आहे, पण ते लागू होतं घडून गेल्यावर.

रानजाई, तू जागेबद्दल फक्त "शहराच्या मध्यात" एवढंच लिहिलंयस, आणि जयपूरमध्ये सगळा फरक जागेनेच पडतो. परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, हवामहलच्या आसपास, गच्चीवरून सुंदर दिसणारी हॉस्टेलं आहेत. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण बाजाराची शटरं पडली की मागच्या गल्ल्या एकदम सुनसान होतात, आणि काही गल्ल्यांत रिक्षाही शिरत नाही. रात्री उशिरा परतणार असशील तर बनीपार्क किंवा एम. आय. रोडचा भाग बघ. बनीपार्कहून सिंधी कॅम्प जवळ, तिथून मेट्रोने चांदपोल, छोटी चौपड, बडी चौपड. बडी चौपडला उतरलं की हवामहल चालत. मेट्रो रात्रभर नसते, तेवढं लक्षात ठेव.

गांधीनगर स्टेशनवर थांबणारी गाडी मिळाली तर तीही बघ. 2018 पासून ते स्टेशन बायकाच चालवतात, आपल्या माटुंग्यासारखं.

कातळकडा
म्हणजे फोन करून चौकशी करायची, गल्ली तपासायची, कार्ड कुणाकडे ते विचारायचं. इतकं सगळं करून जे मिळतं ते बाबांच्या पैशांत एका मिनिटात मिळतंय. मग हट्ट कसला?

रानजाई
हट्ट यासाठी की बाबांचे पैसे एकदाच मिळतील. मला वर्षातून दोनदा-तीनदा, स्वतःच्या पगारात फिरायचं आहे. चार हजारांची खोली हीच सुरक्षिततेची अट असेल तर माझ्या पगाराच्या बाईने घरीच बसायचं, असा त्याचा अर्थ होतो. तो मला मान्य नाही.

निवांत
डॉर्म म्हणजे परदेशी थेर असं आई-वडिलांना वाटतं, त्याला उत्तर आपल्याच घरात आहे. शेगावच्या भक्तनिवासात, पंढरपूरच्या मठांत आपल्या आज्या-मावश्या परक्या बायकांशेजारी सतरंजी टाकून झोपत आल्यात. वारीत तर तीन आठवडे. तेव्हा कुणी "परक्यांत झोप लागेल का" असं विचारलं नाही. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाच्या शिक्षकाने 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे धर्मशाळा आहेत.

सांजवात
निवांत, आज्या दिंडीतून जात. त्यांच्यासोबत गावातली दहा माणसं असत, आणि भक्तनिवासात गैर वागणाऱ्याला देवाची नाही तरी संस्थानाची भीती असते. एकटी मुलगी आणि दिंडीतली आजी यांची बरोबरी करू नका. मी एकटीने फिरलेली आहे, त्यामुळे हा फरक मला चांगला माहीत आहे.

पण माझं दुखणं वेगळंच आहे आणि इथे कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी 54 वर्षांची आहे. नवरा गेला, मुलगा परदेशात, मला फिरायची हौस. एका शहरात हॉस्टेलचं बुकिंग केलं, पैसे भरले, आणि दारात सांगितलं की वयाची अट आहे, 45 च्या पुढे डॉर्म नाही. बरेच जण अशी अट ठेवतात, "वातावरण तरुण राहावं" म्हणून. मग जवळच्या हॉटेलात गेले तर तिथे "अकेली लेडीज को रूम नहीं देते." सांगा, मी कुठे जायचं? डॉर्म चांगली की खोली चांगली, हा वाद दोन्ही दारं उघडी असलेल्यांचा आहे.

पाऊलवाट
सांजवात ताई, हे वाचून संताप आला. हॉटेलवाल्याचं ते वाक्य घटनेच्याही विरुद्ध आहे. कलम 15(2): केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येत नाही. बायकांनी एकटं राहू नये असा कुठलाही कायदा देशात नाही. पुढच्या वेळी नकार लेखी मागा. दारातूनच 1363 ला फोन करा, ही पर्यटन मंत्रालयाची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. धोका वाटला तर थेट 112.

सांजवात
कलम 15(2) मला माहीत आहे. रात्री साडेनऊ वाजता हातात बॅग घेऊन, गुडघे दुखत असताना, ते काउंटरवर म्हणून दाखवायचं बळ प्रत्येकीत नसतं. आणि त्या यादीत वय नाही. हॉस्टेलवाला त्यामुळे सुटतो.

कातळकडा
ताई, तुमच्या बाबतीत मीही हॉस्टेलवाल्यालाच दोषी धरेन. पैसे घेण्याआधी अट ठळक दिसली पाहिजे.

निवांत
बरोबरीचा मुद्दा मान्य, दिंडी वेगळी. पण ताईंच्या प्रश्नावरून सुचलं: महाराष्ट्र शासनाचं 2023 चं "आई" पर्यटन धोरण आहे. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बायकांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची सोय त्यात आहे. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरला कुणा बाईने फक्त बायकांचं, वयाची अट नसलेलं हॉस्टेल काढलं तर ते चालेल असं मला मनापासून वाटतं.

सांजवात
निघालं तर पहिलं बुकिंग माझं. खालचा बिछाना द्या, शिडी चढवत नाही.

रानजाई
मी बनीपार्कमधल्या दोन हॉस्टेलांना फोन केला. एकाने "रात्री जो असेल तो" असं सांगितलं, ते काटलं. दुसरीकडे रात्री पगारी बाई असते, बायकांची डॉर्म पहिल्या मजल्यावर आहे, बाथरूम डॉर्मच्या आत आहे, लॉकरला कुलूप आपलं न्यायचं. वयाची अट विचारली, तर 45 म्हणाले. का, असं विचारलं तर "पॉलिसी है." बुकिंग अजून केलेलं नाही. सांजवात ताई, अट नसलेलं एखादं सापडेपर्यंत शोधते, सापडलं की इथेच लिहिते.

कातळकडा
मास्क्ड आधार ने, शेवटचे चार आकडे दिसणारं. पूर्ण कार्डाची झेरॉक्स काउंटरवर सोडू नकोस. मत माझं बदललेलं नाही, पण जातेस तर नीट जा.