शाहीर साबळेंच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स जमवतोय, जाणकारांनी जरा वाट दाखवा

घाटावरचा_पक्या

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वाई तालुक्यात, शाहीर साबळे पसरणीचे म्हणजे आमच्याच भागातले, त्यामुळे घरात त्यांचं नाव लहानपणापासून कानावर. गेल्या महिन्यात गावच्या घराचा माळा रिकामा करताना पत्र्याची ट्रंक सापडली, वर घोंगडं, खाली उंदरांनी कुरतडलेली पंचांगं आणि तळाला ११ रेकॉर्ड्स. त्यातल्या सात छोट्या आहेत, बशीएवढ्या, आणि चार मोठ्या आणि जाम जड. छोट्यांपैकी दोनवर शाहिरांचं नाव स्पष्ट आहे. मोठ्यांपैकी एकीचं लेबल इतकं घासलंय की फक्त 'शाहीर साब' आणि खाली 'भाग २' एवढंच वाचता येतं, दुसऱ्या बाजूच्या लेबलवर कोणीतरी पांढरा ऑइलपेंट फासून त्यावर लाल रंगात १७ आकडा काढलाय.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की शाहिरांच्या सुरुवातीच्या सगळ्या रेकॉर्ड्स जमवायच्या. आता प्रश्न:

ओरिजिनल आणि नंतर काढलेली कॉपी कशी ओळखायची? 'भाग २' माझ्याकडे आहे तर भाग १ कुठे मिळेल? साफ कशाने करू, बुरशीचे ठिपके आहेत, मोबाईलच्या स्क्रीनला वापरतो ते स्पिरिट घरात आहे. आणि एक गंमत, त्या जड रेकॉर्डच्या खाकी पाकिटावर पेन्सिलीने रेघा मारल्यात, चार उभ्या एक आडवी अशा पाचपाचच्या जुड्या, पाकीट भरलंय नुसतं. हे काय असावं?

जाता जाता, 'जय जय महाराष्ट्र माझा'ची पहिली रेकॉर्ड म्हणून एकजण ऑनलाइन साडेचार हजार मागतोय. घेऊ का?

---

तबकडीवाले_काका

पक्याशेठ, आधी ते स्पिरिट खाली ठेवा!! मग पुढचं वाचा.

त्या चार जड आहेत ना, त्या विनाइल म्हणजे प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. लाख, दगडाची पूड आणि काजळी असा तो माल. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्या माणसाला विचारा तो सांगेल, पॉलिशच त्याचं करतात. स्पिरिटचा बोळा फिरवलात की काळं पाणी कापसावर येईल आणि त्याबरोबर शाहिरांचा आवाजही. मी हे १९९४ साली स्वतः करून बसलोय, तेही एका लावणीच्या रेकॉर्डवर, जी मला पुन्हा कधी दिसली नाही. लाखेवर फक्त डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब, मऊ ब्रश, चरांच्या, म्हणजे सुई फिरते त्या बारीक खाचांच्या दिशेने गोल गोल, आणि लेबल ओलं करायचं नाही. लगेच पुसून उभी वाळवा, उन्हात नाही. छोट्या सात विनाइलच्या असणार, त्यांना पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण मी तिथेही साबणपाण्यावरच भागवतो.

आता भाग १. अहो, रेकॉर्ड उलटी करा की! ऑइलपेंट फासलेली बाजू म्हणजेच भाग १. दहा इंची ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. पोवाडा गावात उभा राहिला की तासभर चालायचा, कंपनीने सांगितलं एवढ्यात बसवा, मग तो दोन तुकड्यांत कापून भाग १ या बाजूला, भाग २ त्या बाजूला. शाहिरी रेकॉर्ड्समध्ये हे सर्रास. त्यामुळे या रेकॉर्ड्स ऐकताना एक लक्षात ठेवा, त्यात शाहीर घाईत आहेत. मंचावरचा शाहीर वेगळा, तबकडीतला वेगळा.

---

सुई_बदला_सुई

काकांशी सहमत, फक्त एक भर. 'सुरुवातीच्या विनाइल' असं जे आपण सगळे म्हणतो त्यातच घोळ आहे. लोकगीतवाल्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स शोधायच्या तर मुळात ७८ शोधा. इंग्लंडमध्ये ७८ चा कारभार १९६० च्या आसपास आटोपला पण आपल्याकडे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून त्या पुढेही निघत राहिल्या, इतक्या की बीटल्सची गाणी ७८ वर निघाली ती भारतात, आणि आज परदेशातले लोक त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. कारण साधं होतं, गावात वीज नव्हती. चावीचा ग्रामोफोन चावीवर चालतो, त्याला फक्त ७८ कळते. आणि शाहिरांचा ऐकणारा माणूस कुठे होता? गावातच ना. शहरातल्या बंगल्यात रेडिओग्रामवर नाट्यगीतं ४५ वर वाजायची तेव्हा खाली वाडीवर पोवाडा स्टीलच्या सुईखाली घासत होता.

आणि पक्या, उत्साहाच्या भरात छोट्या रेकॉर्ड्स चावीच्या ग्रामोफोनवर लावू नको. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारं जड डोकं, निव्वळ वरवंटा, एका फेरीत विनाइलचा चर नांगरून काढतो. उलटंही तेच, हल्लीच्या प्लेअरची बारीक सुई ७८ च्या रुंद चरात तळाला लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ ला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी मिळते, कार्ट्रिज म्हणजे सुई बसते ती डबी न काढता फक्त सुई बदलता येते का ते बघ. प्लेअरला ७८ स्पीड नसेल तरी अडत नाही, योग्य सुई लावून ४५ वर रेकॉर्ड करून घे आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बदल, त्यात ४५ वरून ७८ असा पर्यायच आहे.

---

मंगळवार_पेठ_रिटर्न्स

साडेचार हजार??? अरे देवा

भावा, नको घेऊ. २०२३ मध्ये ते गाणं राज्यगीत झालं, त्याच वर्षी शाहिरांवर सिनेमा आला, तेव्हापासून ज्याच्याकडे साबळेंचं काहीही आहे तो 'फर्स्ट प्रेस रेअर' लिहून टाकतो. राजा बढे, श्रीनिवास खळे आणि साबळे ही नावं एका लेबलवर बघितली की माणूस हळवा होतो, मान्य, पण ते गाणं इतक्या वेळा, इतक्या प्रकारे, ईपी म्हणजे छोटी रेकॉर्ड, एलपी म्हणजे मोठी, संकलनं, कॅसेट असं निघालंय की 'पहिली' हे फोटोवरून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. विक्रेत्याकडे लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो माग आणि मधल्या गुळगुळीत पट्ट्यात, म्हणजे गाणं संपल्यावर सुई जिथे फिरत राहते तिथे, कोरलेला नंबर असतो त्याचा फोटो माग. टाळाटाळ केली तर समजून जा. मी असाच एकाकडून मागितला तर त्याने मला नुसता कुत्र्याचा क्लोजअप पाठवला, एचएमव्हीचा कुत्रा तर त्यांच्या सगळ्याच रेकॉर्डवर असतो राव 😂

मला विचारशील तर त्या गाण्यामागे लागूच नको. ती रेकॉर्ड दुर्मिळ नाही, लाडकी आहे. दुर्मिळ म्हणजे जी कोणी जपली नाही ती. कोळीगीतं, भारुडं, जेजुरीची गाणी, प्रहसनातली टोमणे मारणारी गाणी, लेबलवर 'आणि पार्टी' लिहिलेली. मी पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार आणि रविवार, वीस वर्षं फिरतोय. भक्तिगीतांच्या ईपीचे गठ्ठे मिळतात, फिल्मी तर पोत्याने, शाहिरी हाताच्या बोटांवर. आणि मिळते ती अशी की बघवत नाही. मागच्या पावसाळ्यात एक ईपी ८० रुपयांना घेतली, दुकानदाराने तिच्यावर नटबोल्टची बरणी ठेवलेली होती.

---

घाटावरचा_पक्या

बापरे, स्पिरिटची बाटली आईच्या ताब्यात दिली. आणि भाग १ चं वाचून बायको अर्धा तास हसतेय.

ऑइलपेंट काढता येईल का? आणि तो कोरलेला नंबर मला दिसतच नाहीये.

---

तबकडीवाले_काका

पेंट अजिबात काढू नका. पेंटबरोबर कागदही येईल आणि खाली काही उरणार नाही. शिवाय तो १७ आकडा हा त्या रेकॉर्डचा इतिहास आहे, खाली सांगतो.

नंबर बघायचा तर खोलीत अंधार करा, टॉर्च रेकॉर्डच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा, एका कोनात अक्षरं चांदीसारखी उठतात. तो कागदावर उतरवा. लेबलवरचा नंबर वेगळा, तो कॅटलॉगचा. एचएमव्हीच्या ७८ वर बहुधा एन ने सुरू होणारा असतो, कोलंबियाच्या असतील तर जीई. छोट्या ईपींवर सेव्हन ईपीई असं दिसेल. एका बाजूला दोन गाणी असतील तर ईपी, एकच असेल तर एसपी. लेबलच्या काठाने बारीक अक्षरात ग्रामोफोन कंपनीचं पूर्ण नाव गोल फिरवलेलं असतं, त्यात 'प्रायव्हेट' शब्द आहे का बघा. कंपनी साठच्या दशकाच्या शेवटी पब्लिक लिमिटेड झाली, त्यामुळे 'प्रायव्हेट' असेल तर बहुधा त्याआधीचा माल. बहुधा म्हणतोय, कारण जुनी छापील लेबलं शिल्लक असली की कारखाना ती संपवणारच, आपण लेटरहेड संपवतो तशी.

नंबर मिळाला की मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी उभी केलेली, १९९० पासूनची. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक बघा. तिथली मंडळी पैशापेक्षा नंबरात रमणारी आहेत, आपल्यासारखीच वाया गेलेली.

आता रेघा आणि १७. हे मला ठाऊक आहे कारण आमच्या वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. कर्णा, अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डची पेटी, सायकलवर. लग्न, पूजा, जत्रा, गणपती. पेटीतल्या प्रत्येक रेकॉर्डवर ठळक नंबर रंगवलेला, कारण मांडवात रात्री कंदिलाच्या उजेडात लेबल कोण वाचणार, पोरगं ओरडायचं 'सतरा लाव' की सतरा. चोरीला गेली तर ओळखही पटायची. आणि पाकिटावर रेघा म्हणजे किती वेळा वाजली. वडील पन्नास झाल्या की ती रेकॉर्ड बाजूला काढायचे, म्हणायचे आता ही गात नाही, खोकते. तुमच्या पाकिटावर किती आहेत?

---

सुई_बदला_सुई

हे भारी आहे काका, माहीत नव्हतं.

म्हणूनच शाहिरी रेकॉर्ड चांगल्या अवस्थेत मिळत नाही. शास्त्रीय गायनाची रेकॉर्ड वकिलाच्या कपाटात राहायची, महिन्यातून एकदा निघायची. ही मांडवात, धुळीत, सुई न बदलता. स्टीलची सुई दर बाजूला बदलायची असते पण सुयांची डबी विकत घ्यावी लागते ना, मग एकाच सुईवर अख्खं लग्न. चर काळा चकचकीत न दिसता राखाडी दिसत असेल तर तो असाच गेलेला असतो, कितीही धुवा.

---

मंगळवार_पेठ_रिटर्न्स

आणि कुरियरने ७८ मागवत जाऊ नका रे कोणी. मी दोन वेळा चटणी घेतलीय घरपोच. मागवलीच तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट, आणि तो गठ्ठा मोठ्या खोक्यात सगळीकडून कागदाचे बोळे भरून. विकणारा 'होय होय' म्हणतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतो. ठेवताना उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या की सगळ्यात खालची तडकते. आणि ट्रंकेत परत घालू नको पक्या, पावसाळ्यात पत्र्याला घाम येतो, तिथूनच ती बुरशी आली असणार.

---

घाटावरचा_पक्या

उशीर झाला उत्तराला, सुई यायला दहा दिवस लागले.

आधी रेघा. मोजल्या. दोनशे बारा. तीनदा मोजल्या. काका, तुमच्या वडिलांच्या हिशेबाने ही रेकॉर्ड चार वेळा निवृत्त व्हायला हवी होती.

आजीला फोन करून विचारलं तर ती म्हणाली अरे ती बापूंची पेटी, बापू म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांचा कर्णा होता, बावधनच्या बगाडापासून मांढरदेवच्या जत्रेपर्यंत सगळीकडे जायचे. ही गोष्ट मला कोणी कधी सांगितलीच नव्हती. मी विचारलं सतरा नंबर कोणती गं, तर लगेच म्हणाली, "सतरा जेवणाच्या पंगती उठल्यावर लावायचे, तोवर माणसं जायला निघायची, सतरा लागली की परत बसायची."

काल रात्री लावली. पंचेचाळीसवर रेकॉर्ड करून स्पीड बदलला. भाग १ मध्ये पहिली अर्धी मिनिट पाऊस पडल्यासारखी खरखर, मग लांबून डफ, मग आवाज येतो आणि जातो. शब्द निम्मे कळले. भाग २ बरीच स्वच्छ आहे. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं, मग आजीला दोन्ही बाजू फोनवर ऐकवल्या तर ती म्हणाली, बरोबर आहे, दुसरी बाजू लावेपर्यंत नवरदेवाकडची माणसं चहा मागायला यायची आणि बापू उठून जायचे.

काका, कोरलेला नंबर मिळालाय, टॉर्चची युक्ती बरोबर निघाली. फोटो उद्या टाकतो. ऑनलाइनवाल्याला नाही कळवलं.