मदत हवी आहे: कडुनिंबाचे ओंडके फुटत नाहीत आणि वाळतही नाहीत (बंबासाठी सरपण, ग्वाल्हेर)

वाड्यातली_सून (ग्वाल्हेर) | १७ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. प्रश्न सरपणाचा आहे. हसू नका, घरी गॅस आहे, गीझरही आहे. पण सासूबाई (वय ८२) गीझरच्या पाण्याला "अंगाला न लागणारं पाणी" म्हणतात, आणि दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत त्यांची अंघोळ तांब्याच्या बंबातल्याच पाण्याने होते. ग्वाल्हेरची थंडी मुंबईकरांना सांगून कळायची नाही. जानेवारीत धुकं धरलं की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही आणि पारा चार-पाचावर येतो.

लाकडं आणणं, फोडणं, रचणं हे खातं सासऱ्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या हिवाळ्यात मी टालीवरून (इकडे वखारीला टाल म्हणतात) फोडलेली लाकडं आणून वेळ भागवली. यंदा मे अखेरच्या आंधीत परसातला जुना कडुनिंब मुळासकट आडवा झाला, जाताना न्हाणीघराची भिंतही घेऊन गेला. महापालिकेला कळवून कागद करून घेतलाय, त्याची काळजी नको. यंत्राची करवत घेऊन आलेल्या माणसाने खोडाचे आणि जाड फांद्यांचे हातभर लांबीचे ओंडके करून दिले आणि पैसे घेऊन गेला. मला वाटलं, निम्मं काम झालं.

आता रडगाणं. बंबाच्या नळकांड्यात (मधली नळी, जिच्यात विस्तव असतो) वीतभर लांब आणि मनगटाएवढं जाड लाकूड जातं. माझे ओंडके हातभर लांब आणि मांडीपेक्षा जाड. सासऱ्यांची कुऱ्हाड घेऊन मधोमध घाव घातला तर ती दोन बोटं आत रुतून बसली. ओढून काढताना दांडा हातात आला, पातं लाकडात राहिलं. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "बहूजी, नीम है, ऐसे थोड़े ही फटेगा." कसं फटेगा ते सांगितलं नाही.

दुसरं, रचण्याचं. पावसाळ्याआधी सगळे ओंडके घराच्या मागच्या भिंतीला टेकवून, जमिनीवरच, एकाला एक घट्ट चिकटवून रचले आणि ताडपत्रीने चारी बाजूंनी गच्च गुंडाळून दोरी बांधली. थेंबभर पाणी आत जाणार नाही, अशी माझी ऐट. परवा उघडलं तर कुबट भपकारा, पांढरी बुरशी, आणि खालच्या थरावर वाळवीच्या मातीच्या वाटा. एक फांदी जाळून पाहिली. टोकाला फेस येऊन फसफसत राहिली, आणि धूर इतका की सासूबाई देवघरातून "कोण जळतंय?" म्हणून बाहेर आल्या.

तर: हे फोडायचं कसं, या हिवाळ्यात ते जळेल का, आणि परत रचू कसं?

---

लोहारकामाचा_नाद (इंदूर)

ताई, आधी कुऱ्हाडीचं. दांडा निघाला हे बरं झालं, हवेत फिरताना निघाला असता तर? सैल दांडा रात्रभर पाण्यात भिजवून घट्ट करतात, ते दोन दिवसांचं नाटक आहे. लाकूड सुकलं की पुन्हा सैल. नेढ्यात (पात्याच्या भोकात) बसणारा नवा दांडा घाला आणि वरून पाचर ठोका.

तुमच्याकडची कुऱ्हाड पातळ पात्याची असणार, फांद्या छाटायची. ती तंतू कापते. फोडायला जाड गालांची लागते, जी आत शिरताना लाकूड दोन्हीकडे रेटते. विकत घ्यायच्या फंदात न पडता दोन लोखंडी पाचरी करून घ्या. ग्वाल्हेरला रस्त्याकडेला गाडिया लोहारांच्या (फिरत्या लोहारांच्या) गाड्या लागलेल्या असतात, तासाभरात करून देतील. फक्त सांगा की पाणी धारेला द्या (म्हणजे तापवून पाण्यात बुडवून फक्त धार कडक करा), डोकं मऊ राहू द्या. डोकं कडक झालं की घणाच्या फटक्याने कपरा उडतो, आणि तो डोळ्याच्याच दिशेने येतो. मऊ डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरतं. त्या कडा वेळोवेळी कानशीने घासून टाका.

आणि रुतलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारायचा नाही. नेढं फाकतं, मग त्यात कुठलाच दांडा टिकत नाही.

---

निवृत्त_वनरक्षक (ग्वाल्हेर, मुरार)

शेजारी बरोबर बोलले, अर्धंच बोलले. कडुनिंबाचे तंतू सरळ नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून मध्यावर घाव घातला की कुऱ्हाड चावून धरतो. कलिंगडासारखे दोन भाग करायला जाऊ नका. कांद्याचे पापुद्रे काढतो तसं कडेकडेने या. सालीपासून दोन-तीन बोटं आत घाव, एक ढलपी सुटली की ओंडका फिरवा, पुढची. चारी बाजूंनी ढलप्या निघाल्या की उरलेला गाभा बराच शहाणा होतो. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना तडे गेले असतील. पाचर त्या तड्यातच बसवा, लाकूड कुठे फुटायला तयार आहे ते तेच सांगतं.

पण त्याआधी करवतीने वीतभर तुकडे करा. कंटाळवाणं आहे, पण त्यातच तुमचं निम्मं उत्तर आहे. आखूड तुकड्यात तंतू आखूड, म्हणून फुटायला सोपा. शिवाय लाकडातलं पाणी सालीतून फारसं जात नाही. ते तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या तोंडातून, कितीतरी पट वेगाने बाहेर पडतं. हातभर ओंडका तुम्ही पाच महिने ठेवलात, साल अंगावर, तोंडं एकमेकांना चिकटलेली, वर ताडपत्री. पाण्याला जायला वाट कुठे होती? उलट ताडपत्रीच्या आतून घाम धरला असेल.

बेचकी बाजूला टाका, जिथे फांदी फुटते तो भाग. तिथले तंतू वेणी घातल्यासारखे असतात. त्याच्याशी भांडू नका.

---

वाड्यातली_सून

बेचक्याशीच भांडत होते मी! कुऱ्हाड तिथेच अडकली होती.

---

घाईगडबड

एवढं कशाला? ओलं असलं तरी वाटीभर रॉकेल ओता, पेटतं की. आमच्याकडे जुन्या रंगवलेल्या खिडक्या पण जाळल्या.

---

बडोदेकर_आत्या (वडोदरा)

अहो घाईगडबड, रॉकेल जळून जातं, लाकडातलं पाणी तिथेच राहतं. आणि जुन्या तैलरंगात शिसं असायचं, ते धुरात आणि राखेत येतं. तीच राख लोक भांड्यांना आणि कुंड्यांत वापरतात. रंगाचं, पॉलिशचं, प्लायचं काही बंबात घालू नका. कण्हेरीच्या काटक्याही नको, विषारी झाड आहे ते.

सूनबाई, साध्या हिशेबाने सांगते. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं धरलं, तर एक किलो लाकडाबरोबर तुम्ही अर्धा लिटर पाणी नळकांड्यात घालताय. ते वाफ होऊन उडायला जेवढी उष्णता खाते तेवढ्यात तुमचं साडेतीन लिटर थंडगार पाणी उकळलं असतं. वर विस्तव थंड राहिल्याने धूर पूर्ण जळत नाही, नळकांड्याला आतून डांबरासारखा थर बसतो. त्या थराने पाणी आणखी उशिरा तापतं. आमच्या माहेरच्या बंबाला असा बोटभर थर होता, आणि आई दरवर्षी म्हणायची बंब म्हातारा झाला. शेवटी कल्हईवाल्याने खरवडून दाखवला.

थर खरवडायचा तर बंब पूर्ण गार असताना, लाकडी पट्टीने. तांबं मऊ असतं.

---

निवृत्त_वनरक्षक

रचण्याबद्दल. भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर हातभर लांब. तुमचा वाडा जुना आहे, आढं-तुळया लाकडी असतील. वाळवीला तुम्ही सरपणातून घरात यायचा जिना बांधून दिलात. आधी ती भिंत खालून वर नीट बघा, मातीची रेघ दिसली तर सरपण राहू द्या, आधी तिच्यामागे लागा. कडुनिंबाला वाळवी लागत नाही हे अर्धसत्य आहे. आतलं तांबूस लाकूड बऱ्यापैकी टिकतं, बाहेरचं पांढरं ती आनंदाने खाते.

खाली विटा, विटांवर दोन बांबू, त्यावर लाकडं. तुकड्यांची तोंडं वाऱ्याकडे. टोकांना एक थर उभा, एक आडवा असा चौकटीचा बुरूज रचला की मधली रास ढासळत नाही. मधे फटी राहू द्या. जुने लोक म्हणायचे, फटीतून उंदीर जावा पण मागची मांजर अडावी. ताडपत्री फक्त माथ्यावर, टोपीसारखी. बाजू उघड्या. वरच्या थराची साल वरच्या अंगाला ठेवा, दव निथळून जातं. काढताना नेहमी वरून काढा, हातमोजे घालून. आपल्याकडे विंचू अशाच जागी राहतात.

यंदाचं म्हणाल तर खरं सांगतो, सगळं जळणार नाही. आपल्याकडे लाकूड वाळतं ते मार्च ते जूनच्या लूमध्ये (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात). आत्ता ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा कोरडी आहे, डिसेंबर अखेरीस धुकं आलं की वाळणं थांबलं समजा. तेव्हा मनगटाहून बारीक फांद्या आणि बाहेरच्या ढलप्या आत्ता फोडून उन्हात. जाड गाभा पुढच्या वर्षासाठी. कमी पडेल तेवढी बाभूळ टालीवरून घ्या. विलायती बाभूळ मिळाली तरी चालेल. चंबळच्या बेहडांत (घळींच्या ओसाड रानात) विमानातून बी टाकून लावलेली तीच ही. काट्यांबद्दल कितीही शिव्या द्या, निखारा तिच्यासारखा टिकत नाही.

वाळलं का हे कळायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ओला "थप" करतो, वाळलेला "टण्ण" वाजतो. भरवसा नसेल तर चार तुकड्यांवर खडूने नंबर घालून दर रविवारी वजन करा. उतरतंय तोवर पाणी जातंय.

---

वाड्यातली_सून | ९ नोव्हेंबर

उशिरा लिहितेय, दिवाळी होती. घरी चिरंजीव आले होते, त्यांना फराळाच्या बदल्यात करवतीला जुंपलं. पाचरी करून आणल्या. लोहाराच्या बायकोनेच घण मारला आणि मला म्हणाली, "आप चलाओगी?" तिच्या आवाजातला संशय रास्त होता.

कडेकडेने ढलप्या काढायची युक्ती लागू पडली. पहिली ढलपी सुटली तेव्हा "चर्र" असा कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि आतलं लाकूड तांबूस, ओलसर, कडू वासाचं निघालं. पाच महिन्यांनी ओलसर! सहा तुकड्यांवर खडूने आकडे घातले. क्रमांक तीन १९ ऑक्टोबरला १ किलो ८४० ग्रॅम होता, आज १ किलो ६१०. म्हणजे पाव किलोच्या आसपास पाणी एका वीतभर तुकड्यातून गेलं. सासूबाई रोज विचारतात, "आज तीन नंबरचं काय?"

भिंतीवर रेघ सापडली, गुडघ्यापर्यंतच. माणूस बोलावलाय.

एक नवा प्रश्न. सासूबाई म्हणतात, एवढं सरपण आहे तर रात्री बंबातले निखारे शेगडीत घालून खोलीत ठेव. सासरे ठेवायचे म्हणे. धूर तर नसतो निखाऱ्याला. ठेवू का?

---

निवृत्त_वनरक्षक

नाही.

धूर नसतो म्हणूनच नाही. धगधगत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून जागही येत नाही. माणूस झोपेतच राहतो. आपल्या भागात हिवाळ्यात अशी बातमी नसलेलं वर्ष मला आठवत नाही. सासरे ठेवायचे तेव्हा वाड्याची दारं-खिडक्या फटींची होती, वर कौलं होती. आता काचा आणि रबराच्या पट्ट्या बसल्या असतील.

शेकायचं तर संध्याकाळी अंगणात किंवा ओसरीवर, उघड्यावर. झोपताना शेगडी बाहेर. वर राख आली म्हणजे निखारा विझला असं नाही, राखेखाली तो रात्रभर जिवंत असतो. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी द्या, पाणी बंबातलंच.

---

बडोदेकर_आत्या

बंब सुद्धा न्हाणीघरात दार लावून पेटवू नका हो. बाहेर पेटवा, धूर बसला की पाणी बादलीने आत. आणि आत पाणी भरल्याशिवाय कधीच पेटवू नका, सांधे सुटतात.

---

वाड्यातली_सून | ३० नोव्हेंबर

शेगडी ओसरीवर गेली. "बंबातल्याच पाण्याची पिशवी" या शब्दांवर तह झाला, त्याबद्दल वनरक्षक काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

क्रमांक तीन आज १ किलो ४९०. आता आठवड्याला दहा-वीस ग्रॅमच उतरतोय, आणि वाजतोही "टण्ण". काल त्याच्याच बरोबरीच्या ढलप्यांवर पहिला बंब पेटवला. खाली वाळक्या शेंगांची टरफलं आणि काटक्या, वर कडुनिंब, शेवटी बाभळीचे दोन तुकडे. फेस नाही, फसफस नाही, धूर पहिली पाच मिनिटं. अर्ध्या तासात पाणी हात घालवेना. जाड गाभा विटांवर रचून ठेवलाय, त्याला आता लू लागेपर्यंत हात लावणार नाही.

ते बेचकं मात्र कुणालाच हललं नाही. आता त्याचाच ठोकळा केलाय, लाकडं त्याच्यावर ठेवून फोडते. वर एक जुना टायर बसवला की तुकडे उडून जात नाहीत, ही चिरंजीवांची अक्कल. दुपारी मी आत गेले की सासूबाई टायरवर गोधडी टाकून उन्हात मटार सोलत बसतात, त्यामुळे फोडायचं काम सध्या त्यांच्या सोयीने चालू आहे.