'सॉलिड-स्टेटसाठी थांबा' म्हणणाऱ्यांना

चाकोरीबाहेर:
काल एकाने इथे लिहिलं, "आत्ता इलेक्ट्रिक गाडी घेणं मूर्खपणा आहे. टोयोटाची सॉलिड-स्टेट बॅटरी (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) येतेय. दहा मिनिटांत चार्ज, हजार किलोमीटर रेंज. थोडं थांबा." हे 'थोडं थांबा' ऐकलं की डोकं फिरतं. २०१७ मध्ये हीच कंपनी सांगत होती की २०२० नंतर लगेच ही बॅटरी बाजारात येईल. २०२३ मध्ये मुदत २०२७-२८ वर गेली. त्याआधी हायड्रोजनचं गाजर होतं. टोयोटाची हायड्रोजनवर चालणारी मिराई गाडी २०१४ ला आली आणि २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले.

सॉलिड-स्टेट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, प्रयोगशाळेत ती चालते. पण चार्ज होताना इलेक्ट्रोड, म्हणजे सेलमधला वीज साठवणारा थर, फुगतो, नंतर आकसतो, आणि घन थरांमधला संपर्क सुटतो. लाखो सेलमध्ये वर्षानुवर्षं हे सांभाळणं फार कठीण आहे. ज्या कंपनीला आज बॅटरीची गाडी विकायचीच नाही, तिला गिऱ्हाईक थांबलेलंच हवं असतं. चिनी कंपनी बीवायडीने साध्या एलएफपी (लोह-फॉस्फेटच्या) सेलच्या जोरावर मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बनवणं बंद केलं.

जुनंइंजिन:
अर्धंच सांगताय. बीवायडी प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिड, ढिगाने विकते, त्यात इंजिन असतंच. आणि वचनं मोडण्याबद्दल बोलायचं तर व्होल्वोने २०२१ मध्ये '२०३० पर्यंत फक्त इलेक्ट्रिक' जाहीर केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शब्द मागे घेतला. मर्सिडीजनेही तेच केलं. टोयोटा १९९७ पासून प्रियस ही हायब्रिड (इंजिन आणि छोटी बॅटरी मिळून चालणारी) गाडी विकतेय. तिचा हिशेब सरळ आहे: एका लांब पल्ल्याच्या बॅटरी गाडीला लागणाऱ्या खनिजांत सहा प्लग-इन होतात, नाहीतर नव्वद हायब्रिड.

चाकोरीबाहेर:
व्होल्वोची माघार लाजिरवाणी आहे, मान्य. पण त्या नव्वद हायब्रिड आयुष्यभर पेट्रोल जाळणार, ते तुमच्या हिशेबात कुठे आहे? नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण बॅटरीवरच्या होत्या. तिथे कोणी थांबलं नाही.

पानावाला:
टक्केवारी राहू द्या. माझ्या भावाच्या गाडीला खालून दगड लागला, बॅटरी पॅकच्या कवचाला पोचा आला. सेल शाबूत, गाडी चालत होती. वर्कशॉपने सांगितलं, अख्खा पॅक बदला. खर्च ऐकून विमावाल्यांनी गाडीच टोटल लॉस केली. पेट्रोलची टाकी चेपली म्हणून गाडी भंगारात जाते का हो? कंपन्यांची बांधिलकी मोजायची असेल तर सुटे भाग देतात का ते बघा.

जुनंइंजिन:
मी हेच म्हणतोय केव्हाचा!

पानावाला:
नाही, तुम्ही खनिजं मोजत होतात.

विद्युतभार:
मी पॅकच्या कामातच आहे. सेल गोंदाने चिकटवतात ते मजबुतीसाठी आणि उष्णता नीट वाहून जावी म्हणून. चारशे व्होल्टचा पॅक कुणीही उघडायची वस्तू नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी पासपोर्ट (प्रत्येक बॅटरीची डिजिटल नोंद) येतोय, मग प्रत्येक पॅकची माहिती मिळेल.

पानावाला:
माहिती मिळेल, मॉड्यूल (पॅकमधला सेलचा सुटा गट) मिळणार नाही! आणि चारशे व्होल्टची भीती कुणाला घालता? माणसं हाय टेन्शनच्या तारांवर काम करतात. प्रशिक्षण द्या, हत्यारं द्या. गोंद तुमच्या सोयीचा आहे, कारखान्यात वेळ वाचतो म्हणून. गाडीमालकाला त्याचा काय उपयोग?

विद्युतभार:
वेळ वाचतो, खर्चही वाचतो, नाकारत नाही. तो वाचतो म्हणूनच गाडी स्वस्त होते, हेही लक्षात घ्या. पण कवचाला पोचा आला म्हणून पॅक फेकणं मलाही पटत नाही. कवच वेगळं विकायला हवं.

जुनंइंजिन:
ठीक आहे, सॉलिड-स्टेटसाठी थांबण्यात अर्थ नाही, एवढं मी सोडतो. पण दुरुस्तीचं उत्तर मिळेपर्यंत मी हायब्रिडच घेणार, कितीही ओरडा.

विद्युतभार:
थांबणाऱ्यांनी आणखी एक ऐका. सॉलिड-स्टेटचा बराच भर सल्फाइड इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे गंधक असलेल्या घन थरावर आहे. त्याला दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. शिवाय सेल सतत दाबाखाली आवळून ठेवावे लागतात. आजचा पॅक उघडणं अवघड वाटत असेल, तर सॉलिड-स्टेटचा पॅक उघडणं याहून कितीतरी अवघड असेल.

पानावाला:
मग आजच्याच पॅकला स्क्रू लावा. कुठली कंपनी लावते सांगा, भावाला पुढची गाडी तिचीच घ्यायला लावतो.