विषय: ईस्टरचं जेवण, मांडे आणि शेंगदाण्याची अंडी

स्वयंपाक समितीकडून

मंडळी, नमस्कार.

पाडवा 19 मार्चला छान झाला. यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे आणि त्या संध्याकाळी आपल्याला हॉल मिळतोय. इथे शिकागोत आपल्या मंडळात पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरं आहेत. दिवाळीच्या फराळाला ती सगळी राबतात, पण त्यांच्या सणाचं जेवण आपण अजून एकदाही ठेवलेलं नाही. हे मला बरेच दिवस टोचतंय. नवापूरच्या ताई, बेत तुम्ही सांगा. दुकानातली चॉकलेटची अंडी आणून ठेवायची, की घरी काही करतात?

उत्तर: नवापूरची ताई

सलाम.

मेल दोनदा वाचली आणि मग आईला फोन लावला.

चॉकलेटची अंडी मुलांना हवी असतील तर आणा, पण आमच्या घरी ती कधी नव्हती. आमच्याकडे ईस्टर म्हणजे मांडे, मटण आणि पहाटेची उपासना. वडील नवापूरला शिक्षक, आजी धुळ्याकडची, शेवटपर्यंत अहिराणी बोलणारी. शिकागोत राहायला आल्यावर मला एक गोष्ट कळली. फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी 1890 मध्ये काढलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं मुख्य ठाणं याच शहरात होतं, आणि त्या मिशनची माणसं पुढे धुळे-नंदुरबारकडे, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खान्देशात गेली. उपासनेची रीत आमच्याकडे अशी आली. चुलीवर काय चढवायचं हे मात्र आजीच ठरवायची.

ईस्टरच्या तारखेचंही सांगते. 21 मार्चनंतरची पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, असा साधारण हिशोब. यंदा 2 एप्रिलच्या हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर ईस्टर आला. 2024 ला होळीच्या पौर्णिमेनंतर, 31 मार्चलाच होता. आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी पौर्णिमा शोधायची, कारण तिला आंब्याचा अंदाज घ्यायचा असे. ईस्टर उशिरा असेल तर मांड्यांबरोबर रस. लवकर आला तर आंबा कुठला, मग तांदळाची खीर.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, घरात गोड शिजत नसे. दुपारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलायचे. बाहेर ऊन असं की चपला सावलीत काढाव्या लागत. आजी त्या दिवशी तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसे. घरी आल्यावर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा. एवढंच.

शनिवारी मात्र घरात पाय ठेवायला जागा नसायची. गहू आधीच धुऊन, सुकवून दळून आणलेले. ते पीठ आजी जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यातून चाळायची. वस्त्रगाळ झाल्याशिवाय मांड्याला हात लावायचा नाही. आम्हा पोरांकडे अंडी. कांद्याची टरफलं महिनाभर डब्यात साठवलेली असत. कोथिंबिरीचं एकेक पान अंड्यावर चिकटवायचं, वरून मलमलचा तुकडा घट्ट बांधायचा आणि टरफलांच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून उकळायचं. फडकं सोडलं की विटकरी रंगाच्या अंड्यावर फिकं पान उमटलेलं असे. सगळ्यात चांगलं अंडं पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या घरी जायचं.

रविवारी अंधारात उठून कब्रस्तानात. आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती, मोगऱ्याची फुलं. उजाडताना एकजण म्हणणार, "प्रभू उठला आहे", आणि सगळे म्हणणार, "खरोखर उठला आहे." त्यानंतर मंडळीचं प्रीतिभोजन. वडिलांची एक खास रीत होती. लूकच्या 24 व्या अध्यायात पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. म्हणून वडील उकाईच्या बॅकवॉटरचा मासा आणून निखाऱ्यावर भाजायचे आणि पहिला तुकडा सगळ्यांनी वाटून खायचा. शेजारची मावची बोलणारी मावशी मोहाच्या फुलांचे लाडू घेऊन यायची. मोहाची फुलं त्याच दिवसांत पडतात. भाजलेली फुलं, तीळ आणि गूळ कुटून केलेला तो लाडू काळपट, चिकट आणि धुराच्या वासाचा असतो. तसा लाडू मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

दुपारी मटण. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजून पाट्यावर वाटलेलं, रश्शावर बोटभर तर्री.

आता शेंगदाण्याच्या अंड्यांचं सांगते, कारण ती मला हॉलमध्ये हवीच आहेत. 2006 च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आला. आमचं गाव कोंबड्यांच्या धंद्याचं. लाखो कोंबड्या मारल्या, परसातल्या गावठी कोंबड्यासुद्धा नेल्या. आमच्या सात होत्या. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता आणि घरात अंडं नाही. धाकटा भाऊ टरफलांचा डबा घेऊन बसलेला, तो काही खाली ठेवेना. आईने शेंगदाणे भाजले, सोलले, बारीक कुटले, साखरेच्या पाकात घोटले आणि तळहातावर वळून अंडी केली. थोड्या कुटात बिटाचा रस घातला, म्हणून काही लाल झाली. आणि प्रत्येकावर कोथिंबिरीचं पान दाबून ठसा उठवला. भाऊ बघतच राहिला. अंडी पुढे बाजारात परत आली तरी शेंगदाण्याची अंडी आमच्या ताटातून गेली नाहीत. आज वीस वर्षं झाली.

प्रमाण आईने फोनवर सांगितलं: दाण्याचा कूट दोन वाट्या, साखर एक वाटी, पाणी पाव वाटी. पाक एकतारी झाला की कूट टाकायचा, कडा सुटेपर्यंत हलवायचं, गरम असतानाच वळायचं. गार झालं की भेगा पडतात.

एक अडचण आहे. मांड्याचं पीठ मी मळीन, पुरण घालीन, पण इथे मांडे भाजायचं मातीचं खापर नाही.

उत्तर: भुसावळकर

ताई, वाचता वाचता रेल्वे क्वार्टर आठवले. आम्ही हिंदू, पण आमच्या ओळीत दोन अँग्लो-इंडियन आणि एक गोव्याचं कॅथलिक घर होतं. शुक्रवारी त्यांच्याकडून क्रॉसचे बन यायचे. त्यांच्या घरी ओव्हन नव्हता, म्हणून तिथली मावशी पीठ मळून पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायची, वर मैद्याच्या पातळ पिठाने फुली काढायची आणि ट्रे बेकरीच्या भट्टीवर पोचवायचं काम माझं. भुसावळच्या उन्हात बन वाटेतच फुगायला लागायचे, त्यामुळे पळत जावं लागे. परतीचा पहिला बन माझा.

मार्झिपान ही त्यांची मिठाई काजूची असायची, गुलाबपाणी घालून. माझी बायको ते करू शकेल, पण मला वाटतं आपण शेंगदाण्याचीच अंडी करावीत. बन मी करतो, पन्नास. त्या मावशीने हातात ट्रे दिला तेव्हा मी कोण, कुठल्या घरचा, हे तिने कधी मनात आणलं नाही, म्हणून हे काम मला करायचंय.

उत्तर: जळगावच्या काकू

बाळ नवापूरच्या, खापराची काळजी करू नकोस. मी तीस वर्षं इथे खापराशिवाय मांडे करतेय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एकदाही चुकवले नाहीत. बिडाची मोठी कढई गॅसवर पालथी घालायची. आधी दहा मिनिटं मंद तापव, मग आच वाढव. कढईवर पाण्याचा थेंब उडून गेला पाहिजे, तडतडत बसता कामा नये.

इथल्या ब्रेडच्या पिठात निम्मा मैदा घाल. मीठ घालून सैल मळ आणि तेलाचा हात लावत लावत अर्धा तास तिंब. दोन तास झाकून ठेव. पीठ ओढलं की तार यायला हवी. पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ, पण पुरण कोरडं आटव, ओलं राहिलं तर मांडा हातावरच फाटतो. डाळीचं पाणी फेकू नको, त्याची रशी करू. आणि आमच्याकडच्या माणसांसाठी एक भाजी शाकाहारी असू दे. हिरवी भरताची वांगी इथे मिळत नाहीत, पण जांभळ्यांचं भरीत मी करून आणते.

उत्तर: नवापूरची ताई

काकू, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजी हेच म्हणायची, "पोयपाटवर नही, मांडा हातवर वाढस." दोन्ही हातांच्या पाठीवर तो इकडून तिकडे घ्यायची, कड कोपराला टेकली की एका झटक्यात खापरावर. माझा अजून मनगटाच्या पुढे जात नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहा.

तर ठरलं असं. शुक्रवारी मी उपासनेला असेन, फोन उचलणार नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे पुरण आणि अंडी. लहान मुलांना नक्की आणा, पान दाबायचं काम त्यांचं. कोथिंबीर मी आणते, कांद्याची टरफलं आजपासून साठवा, खरी अंडीही रंगवू. रविवारी हॉलच्या स्वयंपाकघरात तीन कढया पालथ्या घालायच्या आहेत. माझ्याकडे एकच आहे. बिडाची मोठी कढई कोणाकोणाकडे आहे ते कळवा.