मदत हवी आहे: 'रूथलेस' उरला, 'रूथ' का गेला?

नमस्कार मंडळी,

मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात एका मुलीने विचारलं, "केअरलेसमध्ये केअर, होपलेसमध्ये होप, मग रूथलेसमधलं रूथ म्हणजे काय?" शोधताना बरंच हाती लागलं, पण एक गाठ सुटत नाहीये. भाषाशास्त्राच्या जाणकारांनी मदत करावी.

रूथ म्हणजे कळवळा, करुणा; म्हणून रूथलेस म्हणजे निर्दय. 'रू' म्हणजे हळहळणे. त्याला 'ट्रुथ', 'वॉर्म्थ'मधला 'थ' लागून झालेलं हे नाम. १६३७ साली समुद्रात बुडालेल्या मित्रावर इंग्रज कवी मिल्टनने 'लिसिडस' ही विलापिका लिहिली. तिच्यात तो देवदूताला करुणेने विरघळायला सांगतो, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे तेव्हा कवितेत तरी तो जिवंत होता.

'अनकेम्प्ट'चंही तसंच. 'केम्ब' म्हणजे विंचरणे. ते जुनं क्रियापद मागे पडलं आणि न विंचरलेला तेवढा उरला. 'अनकूथ' तर मुळात नुसता अनोळखी, कारण कूथ म्हणजे माहितीतला. पुढे त्या अनोळखी माणसाचा गावंढळ, असभ्य माणूस झाला, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

काही शब्द मात्र या यादीत उगाच घुसवले जातात. 'डिशेवल्ड' (विस्कटलेला) फ्रेंचमधून तयारच आला, नीटनेटका या अर्थाचा 'शेवल्ड' इंग्रजीत नव्हता. 'डिसग्रंटल्ड' (नाराज) मधला 'डिस' नकाराचा नाहीच, जोर देण्यासाठी आहे. 'ग्रंटल' म्हणजे कुरकुरत राहणे. खूश या अर्थाचा 'ग्रंटल्ड' विसाव्या शतकात गमतीने पाडलेला.

आता गाठ. फ्रेंचमधून 'पिटी', 'मर्सी' आले आणि रूथची गरज संपली, असं सांगतात. पटतं. पण मग 'पिटीलेस', 'मर्सीलेस'ही होतेच की! तरी रूथलेस का टिकला? मला वाटतं, नकारार्थी रूप एकसंध शब्द म्हणून डोक्यात बसतं आणि आतल्या तुकड्याचा अर्थ गेला तरी त्याचं काही अडत नाही. हे बरोबर आहे का? यावर सोप्या भाषेत काही वाचायला मिळेल का?

आणि असे मराठी शब्दही हवेत. मला 'बेचिराख' सुचला: चिराग म्हणजे दिवा, जिथे दिवाच लागत नाही ते उजाड गाव. नुसतं 'चिराख' आपण कोणीच म्हणत नाही. आणखी चार-पाच मिळाले, तर इंग्रजी शब्दांच्या आधी तेच फळ्यावर लिहीन.