टाइप १ मधुमेह असलेली तेरा वर्षांची मुलगी नोंदवहीत खोटे आकडे लिहिते आहे

प्रश्न : सांगलीची आई

नमस्कार. माझ्या मुलीला आठव्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. आता ती तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. सुरुवातीची वर्षे इंजेक्शन, तपासणी, जेवणाच्या वेळा हे सारे मीच पाहत असे. सातवीत गेल्यावर ‘आता तू मोठी झालीस’ असे म्हणून आम्ही ते तिच्याकडे सोपवले आणि तिनेही ते हौसेने अंगावर घेतले. गेल्या तपासणीत मात्र तिचे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.६ वरून १०.४ वर गेलेले आढळले. नोंदवही उघडली तर सगळे आकडे ११० ते १४० च्या दरम्यान, एकाच शाईत आणि एका बैठकीत लिहिल्यासारखे दिसले. ग्लुकोमीटरच्या मेमरीत मात्र कित्येक दिवसांचे एकही रीडिंग नव्हते आणि जी होती ती २८०, ३१० अशी होती. विचारल्यावर ती आधी चिडली आणि मग खोलीचे दार लावून बसली. शाळेच्या सहलीला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, मामाकडे, कुठेही जायला ती नाही म्हणते. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला आणि लक्ष ठेवायला सांगितले. घरातली वडीलधारी मंडळी ‘वयच तसे आहे’ म्हणून विषय संपवतात, पण मला हा केवळ वयाचा हट्ट वाटत नाही. साखरेमुळे मन बिघडते की मन बिघडल्यामुळे साखर, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ : समुपदेशक, पुणे

ताई, दोन्ही खरे आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर यांच्याबरोबर चिडचिड आणि रडू येते. ती फार चढलेली राहिली की मरगळ येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून मूल अचानक वाकडे वागू लागले, तर रागावण्याआधी साखर पाहावी. त्यात वयात येताना वाढीच्या आणि लैंगिक संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे डोस, जेवण सारे जागच्या जागी असूनही आकडे वर जातात. मुलीच्या बाजूने पाहा: सगळे नीट करूनही ३०० आले, तर पुन्हा बोट टोचण्यात तिला काय अर्थ वाटणार?

खोट्या नोंदी बालमधुमेहाच्या दवाखान्यात नित्य पाहायला मिळतात, आणि त्यांचा खोटारडेपणाशी फारसा संबंध नसतो. आकडा दिसताच घरात पहिला प्रश्न ‘काय खाल्लेस?’ हा येत असेल, तर तो आकडा प्रगतिपुस्तकातल्या लाल शेऱ्यासारखा होतो आणि मूल तो लपवू लागते. ‘चांगली शुगर’, ‘वाईट शुगर’ असे न म्हणता ‘जास्त आहे, किती युनिट घ्यायचे ते पाहू’ एवढेच म्हणून पाहावे. हे ऐकायला सोपे वाटते, पण २९० वाचून चेहरा सरळ ठेवणे पालकांना फार जड जाते.

आता निदानाविषयी. रोजच्या सुया, मोजमाप, हायपोची (साखर एकदम खाली जाण्याची) भीती आणि आयुष्यभर हे चालणार ही जाणीव यांतून येणारा वैताग वेगळा आणि नैराश्य वेगळे. पहिल्यात मूल मधुमेहाला कंटाळलेले असते, पण चित्रकलेत किंवा खेळात रमते. दुसऱ्यात आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात, झोप आणि भूक बिघडते, आपण घरावर ओझे आहोत असे वाटू लागते. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. जगण्याचा कंटाळा आल्याचे ती बोलली, तर एक दिवसही थांबू नये. शासनाची ‘टेलि मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनाशुल्क उपलब्ध आहे.

उत्तर २ : नागपूरकर

मला नवव्या वर्षापासून टाइप १ आहे, आता मी नोकरी करतो. वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. मुलीला सगळ्यांत जास्त टोचत असेल ती सुई नव्हे, तर लोकांसमोर होणारी चौकशी. हळदीकुंकवाला कोणी तिळगूळ पुढे केला आणि शेजारून दुसरीने ‘अगं तिला नको, तिला शुगर आहे’ म्हटले, की तिथून पळून जावेसे वाटते. त्यावर ‘लहानपणी गोड फार खाल्ले असेल’ हे असतेच. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही. हे मुलीला ठाऊक असते, पण प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगण्याची ताकद तिच्यात नसते. ते काम आईवडिलांनी करावे, आणि तेही तिच्या मागे नव्हे तर तिच्या देखत.

दुसरे म्हणजे तिला तिच्यासारखी मुले भेटू द्या. नागपुरात ‘ड्रीम ट्रस्ट’ आणि छत्रपती संभाजीनगरात ‘उडान’ या संस्था अशा मुलांसाठीच काम करतात. पोटाला सुई टोचत टोचत गप्पा मारणारी दहा मुले एकदा पाहिली की जो फरक पडतो, तो कोणत्याही उपदेशाने पडत नाही.

उत्तर ३ : एक वडील

माफ करा, पण हे सारे फार मऊ वाटते. मोबाईल काढून घ्या, प्रत्येक इंजेक्शन डोळ्यांसमोर द्या, महिन्यात साखर जागेवर येईल.

समुपदेशक, पुणे

इंजेक्शन डोळ्यांसमोर असावे, हे मला मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरात ते यायला हवे होते. जबाबदारी वेळेआधी मुलांवर टाकली की नियंत्रण ढासळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेराव्या वर्षी मुलीला डोस काढता येतो, पण रोज न कंटाळता ते करत राहणे मोठ्यांनाही साधत नाही. मात्र शिक्षा म्हणून पहारा बसवला, तर ती पहाऱ्यातून पळवाट शोधेल. सकाळ-रात्रीचे इन्सुलिन आईसोबत आणि मधल्या वेळचे तिच्याकडे, अशी वाटणी तिच्याशी बोलून ठरवावी. ‘तुला जमले नाही म्हणून’ असे न म्हणता ‘हे एकटीने करायचे काम नाही म्हणून’ असे सांगावे. मोबाईलचा या वाटणीशी काही संबंध नाही.

उत्तर ४ : माध्यमिक शिक्षिका

शाळेच्या बाजूने लिहिते. सहलीला नकार देण्यामागे पुष्कळदा अगदी व्यावहारिक अडचण असते: इन्सुलिन थंड कुठे ठेवायचे, इंजेक्शन कुठे घ्यायचे, रात्री हायपो झाला तर कोणाला उठवायचे. आमच्या वर्गातली एक मुलगी शौचालयात जाऊन इंजेक्शन घेत असे, कारण वर्गात घेऊ का, हे विचारायचा तिला संकोच वाटे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र लिहून अशा मुलांना वर्गात साखर तपासू देण्याची, इन्सुलिन घेऊ देण्याची आणि मधल्या वेळी खाऊ देण्याची सूचना केली आहे. सीबीएसईने तर २०१७ मध्येच परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. डॉक्टरांच्या पत्रासह हे वर्गशिक्षिकेला दाखवा. वर्गाला सांगायचे की नाही, हे मात्र मुलीनेच ठरवावे.

सांगलीची आई

सर्वांचे आभार. काल रात्री तिच्याजवळ नुसती बसले, आकडा विचारला नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, ‘बारीक झालीस म्हणून सगळ्या विचारतात, काय करतेस?’ तिचे कपडे सैल झाले आहेत हे मी पाहिले होते, पण वाढते वय म्हणून सोडून दिले होते. तिच्या इन्सुलिनच्या पेनातली कार्ट्रिजही (औषधाची नळी) पूर्वीपेक्षा बरीच जास्त टिकते आहे. याचा काही संबंध असेल का?

समुपदेशक, पुणे

असू शकतो, आणि तसे असल्यास ही बाब तातडीची आहे. एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. दिवसाला त्या पेनातून किती युनिट जायला हवेत त्याने भागून पाहा. ती त्याहून फार जास्त दिवस पुरत असेल तर डोस गाळले जात आहेत. किशोरवयीन मुलींमध्ये वजन उतरावे म्हणून इन्सुलिन कमी घेण्याचा प्रकार जगभर ओळखला गेला आहे, आणि तो खाण्याच्या विकारांत मोडतो; समज देऊन तो सुटत नाही. याच आठवड्यात मधुमेहतज्ज्ञांना कार्ट्रिजचा हिशेब सांगा. डोस वाढवलेला असल्याने हे त्यांना कळणे अधिकच गरजेचे आहे, कारण वाढवलेला पूर्ण डोस तिने अचानक घेतला तर साखर एकदम खाली येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्यांच्याच मार्फत ठरवा, म्हणजे दोघांचे बोलणे एक राहील. तोवर घरात कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे घातक पदार्थ) तपासण्याच्या पट्ट्या आणून ठेवा. उलट्या, पोटदुखी, धापा टाकल्यासारखा श्वास किंवा तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय गाठा. वजनावर घरात कोणीही, कौतुकानेसुद्धा, बोलू नये.