मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या बोटीचे रेस आणि गियरचे लिव्हर बदलायचेत (बेलापूर)

खाडीकाठ
बोट बेलापूरच्या खाडीत आहे. गियरचा लिव्हर बुडाशी तडकलाय. रेसचा लिव्हर हात सोडला की आपोआप मागे येतो. दोन्ही बदलायचे आहेत. परदेशातून मागवत बसायला वेळ नाही, पाऊस लागायच्या आत बोट उरणजवळच्या करंजाला नेऊन वर ओढायची आहे आणि ते उधाणाच्या भरतीलाच जमणार. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे लिव्हर तयार मिळतात का? नसतील तर कोण बनवून देईल? माहिती असेल त्यांनीच लिहा, लवकर लिहा.

वागळे_टर्नर
इंजिन कोणतं? लिव्हर कुठे आहेत, सुकाणूच्या खांबावर की बाजूच्या भिंतीत? रेस आणि गियर वेगवेगळे आहेत की एकाच लिव्हरवर? शाफ्टला कशाने धरलेत, आरपार पिन, चावी की ग्रब स्क्रू? फोटो टाका. एवढ्यावर कोणीच काही बनवू शकणार नाही.

खाडीकाठ
अठ्ठावीस फुटी फायबरची बोट, ऐंशीच्या दशकातली. इंजिन यानमार, दोन सिलिंडर. लिव्हर सुकाणूच्या खांबावर, होकायंत्राच्या खाली, डावीकडे गियर, उजवीकडे रेस. आरपार पिन आहे आणि ती गंजून जाम झाली आहे. फोटो संध्याकाळी टाकतो. मला फक्त लिव्हर हवेत.

कळंबोली_स्पेअर्स
दादा, एवढी धावपळ कशाला? कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या आसपास जेसीबी, ट्रॅक्टर, डंपर सगळ्यांचे लिव्हर आणि पुश-पुल केबल मिळतात. जुना तुकडा घेऊन जा, मापाला माप लावून घ्या. मी स्वतः एका मित्राच्या फेरीबोटीला तिथली केबल टाकून दिली, अजून चालते. एका दिवसाचं काम.

भरती_ओहोटी
वरचा सल्ला या बोटीला चालणार नाही. ते लिव्हर साध्या लोखंडाचे असतात आणि इथे ते होकायंत्रापासून वीतभर अंतरावर बसणार. लिव्हर पुढेमागे केला की सुई फिरणार, तीही प्रत्येक वेळी वेगळी. धुरकट हवेत बंदरातून जाताना हे धोक्याचं आहे. शिवाय खाऱ्या हवेत साधं लोखंड एक पावसाळा काढत नाही. एस एस ३१६ (स्टेनलेस स्टील) किंवा गन मेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू), तिसरं काही नको.

कळंबोली_स्पेअर्स
ताई, आजकाल सगळे मोबाइलवर नकाशा बघतात. होकायंत्राकडे बघतं कोण?

भरती_ओहोटी
मी बघते. आणि मोबाइल पाण्यात पडला की तुम्हीही बघाल.

एकच_लिव्हर
दोन लिव्हर हीच जुनी पद्धत. काढून टाका आणि बाजूच्या भिंतीत एक-लिव्हर कंट्रोल बसवा. पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये न्यूट्रल. चुकून जास्त रेसवर गियर पडायची भीतीच नाही. इंजिन गरम करायचं तर मधलं बटण दाबून नुसती रेस देता येते. मी बदलल्यापासून घरातलं कोणीही बोट धक्क्याला लावतं.

वागळे_टर्नर
म्हणजे फायबरमध्ये नवं भोक, दोन्ही केबल नव्या लांबीच्या आणि जुन्या खांबावरची भोकं बुजवायची. त्यांना उधाणाच्या आत निघायचंय. कंट्रोल चांगलंच आहे हो, पण ते बोट वर काढल्यावर करायचं काम.

नेरुळची_पाणथळ
थोडं अवांतर. खाडीत बोट असते तर रोहित पक्षी अजून दिसतात का हो? ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, पण आमच्या नेरुळच्या तळ्यावर या वर्षी थवे फार कमी वाटले. इंजिनाच्या आवाजाने ते उठतात का?

खाडीकाठ
ताई, कृपया वेगळा धागा काढा. इथे मला लिव्हर हवाय.

जुना_खलाशी
खाडीकाठ, मी वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. लिव्हर का तडकला हे तुम्ही लिहिलंच नाही. इतकी वर्षं टिकलेला लिव्हर उगाच तडकत नाही. गियर टाकायला जोर लागत होता का?

खाडीकाठ
हो काका, गेल्या वर्षापासून जड जातोय. पण जुनी बोट आहे, तेवढं चालायचंच. लिव्हरचं सांगा ना.

जुना_खलाशी
लिव्हरचंच सांगतोय. इंजिन बंद ठेवा. गियरबॉक्सच्या टोकाला केबलची पिन काढून केबल सुटी करा. आता गियरबॉक्सवरचा छोटा दांडा हाताने हलवा. तो ठक ठक करत पुढे-मागे गेला तर गियरबॉक्स ठीक आहे. मग वरचा लिव्हर हलवा, केबल सुटी असतानाच. तरीही जड जात असेल तर दोष केबलमध्ये किंवा खांबातल्या शाफ्टच्या बुशमध्ये आहे. मग केबल लिव्हरकडूनही सोडवा आणि शाफ्ट एकटा फिरवून पाहा. नवा लिव्हर कितीही जाड घेतलात तरी केबल जाम असेल तर जोर कुठेतरी निघणारच. लिव्हर नाही तुटला तर केबलचं टोक तुटेल, आणि ते भर खाडीत तुटेल.

दुसरी गोष्ट, रेसचा लिव्हर बदलायची बहुधा गरजच नाही. गव्हर्नरची (इंजिनाची रेस सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग रेसच्या लिव्हरला सतत कमी रेसकडे ओढत असते. तिला अडवायला शाफ्टवर घर्षणाची वॉशर असते, ती झिजली की लिव्हर मागे येतो. वॉशर बदला, नट आवळा. पैसे वाचतील.

कळंबोली_स्पेअर्स
केबल जाम असेल तर आत तेल सोडा. वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, तेल भरून रात्रभर लटकवून ठेवायची. मोटरसायकलची क्लच केबल अशीच मोकळी होते.

वागळे_टर्नर
मोटरसायकलची केबल नुसती ओढते, ही ओढते आणि ढकलतेही. हिच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तेल टाकलं की त्यात कचरा धरतो आणि चार महिन्यांत पुन्हा जाम. अशा केबलला तेल नाही, बदली. बोटीला बहुतेक ३३सी प्रकारची असते, टोकाला १०-३२ हे इंची मापाचे आटे. दुकानात एक गोष्ट नीट बघा: एम ५ चा नट त्यावर फिरतो, कारण जाडी आणि पिच दोन्ही अगदी जवळ आहेत, पण तो सैल बसतो. नट बसला म्हणजे आटे जुळले असं नाही. जोर आला की आटे सोलून निघतात.

एकच_लिव्हर
म्हणजे केबल बदलायच्याच आहेत. मग मी म्हणतो तेच करा ना.

तांडेल_करंजा
आमच्याकडे बोट वर ओढायला रांग आहे, आधी फोन करून दिवस घ्या. बेलापूरहून भरती पुरी झाली की लगेच निघा, ओहोटीचं पाणी बंदरापर्यंत आणून सोडतं. उशीर केलात तर खाडीच्या तोंडाशी गाळात बसाल. आणि गियर असा तडकलेला असताना एकट्याने निघू नका, एक माणूस खाली गियरबॉक्सपाशी ठेवा. लिव्हर तुटला तर तो हाताने न्यूट्रल करील.

मांडवा_प्रवासी
बेलापूरहून मांडव्याला वॉटर टॅक्सी अजून चालते का? तिचं तिकीट कुठे मिळतं?

खाडीकाठ
फोटो टाकले आहेत. काका, केबल सुटी करून बघितली. गियरबॉक्सचा दांडा अगदी सहज हलतो. लिव्हर तसाच जड. शाफ्टला मात्र हात लावता येत नाही, कारण पिन निघत नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, हातोडा मारला, काही उपयोग नाही. पिनच्या एका टोकाचा व्यास ६ मिमी भरतो, दुसऱ्याचा साडेपाच. झिजली असावी.

वागळे_टर्नर
झिजलेली नाही, टेपर पिन आहे, म्हणजे मुळातच निमुळती. लिव्हरचा बॉस (शाफ्टवर बसणारा जाड भाग) फोटोत इंचभर जाड दिसतो, इंचाला अर्धा मिलिमीटर उतार हा टेपर पिनचाच. ती एकाच बाजूने निघते. साडेपाचच्या टोकावर पंच ठेवून मारा. सहाच्या टोकावर माराल तितकी ती घट्ट बसेल.

आधी होकायंत्राचे स्क्रू काढून ते बाजूला ठेवा. खांबाच्या तोंडात जुन्या धोतराची चिंधी घट्ट कोंबा, नाहीतर पिन आणि चुरा सरळ खाली सुकाणूच्या साखळीवर जाईल. बॉसच्या खाली लाकडाचा ठोकळा टेकवा म्हणजे शाफ्ट वाकणार नाही. हीट गनने बॉस गरम करा, शाफ्ट नको, आणि गरम असतानाच एक जोरदार घाव घाला. हळूहळू ठोकत बसलात तर टोक पसरतं आणि मग ड्रिल करण्याशिवाय मार्ग उरत नाही. जवळपास स्प्रे आणि रॉकेल ठेवू नका.

भरती_ओहोटी
आणि लिव्हर बनवायला द्याल तेव्हा ३१६ सांगून ३०४ देणारे भेटतात. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हीला चुंबक चिकटत नाही. मॉलिब्डेनम तपासायचा थेंब मिळतो, बॅटरी लावून टाकायचा, ३१६ असेल तर रंग बदलतो. नाहीतर प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

खाडीकाठ
पिन निघाली! दुसऱ्या घावाला. शाफ्ट मोकळा फिरतो, म्हणजे केबलच जाम आहे. वागळे साहेब, लिव्हर तुम्ही बनवाल का? केबलची लांबी कशी मोजायची?

वागळे_टर्नर
बनवतो. तडकलेला लिव्हर आणि पिन घेऊन या, शाफ्टची जाडी कॅलिपरने मोजून आणा. ३१६ च्या दहा मिमी प्लेटमधून हात कापून घेऊ, बॉस लेथवर करून आर्गॉन वेल्डिंग. टेपर रीमर (निमुळतं भोक करायचं हत्यार) माझ्याकडे आहे. पण शेवटचं रीमिंग लिव्हर शाफ्टवर बसवून बोटीवरच करायचं, तरच पिन दोन्हीत सारखी बसेल. मी बेलापूरला येतो.

केबल एका टोकाच्या आट्यापासून दुसऱ्या टोकाच्या आट्यापर्यंत मोजायची, संपूर्ण. जुनी बाहेर काढून सरळ ठेवून मोजा. काढण्याआधी तिच्या टोकाला दोरी बांधा, नवी त्याच दोरीने ओढून घेता येईल. वळण आठ इंच त्रिज्येपेक्षा लहान नको. तुमची खांबाच्या बुडाशी फारच आवळून वळलेली दिसते, तिथेच जाम झाली असणार.

जुना_खलाशी
एक राहिलं. केबल बसवल्यावर न्यूट्रलपासून पुढे आणि मागे गियरबॉक्सचा दांडा सारखाच आणि पुरेपूर जातो ना, ते खाली बसून डोळ्यांनी बघा. त्या यानमारच्या गियरबॉक्समध्ये कोनाचा क्लच असतो. दांडा थोडा जरी कमी गेला तर कोन घसरतो आणि जळतो. आणि शिडावर जाताना गियर न्यूट्रललाच ठेवा.

एकच_लिव्हर
शिडावर रिव्हर्समध्ये ठेवतात, पंखा फिरत नाही. मी वर्षानुवर्षं तसंच करतो.

जुना_खलाशी
तुमचा पंखा घडीचा असेल, त्याला ते लागतं. यांचा स्थिर पंखा आहे, फोटोत दिसतोय. यानमारची सूचना न्यूट्रलची आहे.

खाडीकाठ
न्यूट्रलच ठेवीन काका. केबल मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात विचारली, ३३सी आहे म्हणाले, उद्या आटे तपासूनच घेतो. तांडेल दादा, करंजाचा नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवा. येत्या अमावास्येचं उधाण धरतोय.

तांडेल_करंजा
पाठवला. दुपारची भरती धरा, मध्यरात्रीच्या भरतीला निघालात तर अंधारातच यावं लागेल.